सातबाऱ्यावर नसलेला रंग

मामा माझे सख्खे मामा नव्हते. दौंडच्या लोकोशेडमागच्या आमच्या वस्तीत त्यांना सगळेच मामा म्हणायचे. वस्तीबाहेर, स्टेशनापासून मंडईपर्यंत, लोक त्यांना 'हॉलंड' म्हणायचे. हे नाव थट्टेनं पडलेलं होतं, पण मामांनी ते पदवीसारखं मिरवलं. कुणी रस्त्यात मुद्दाम मोठ्यानं "काय हॉलंड" म्हटलं, तर ते थांबून, चप्पल जुळवून, "बोला" म्हणायचे. मग थट्टा करणाराच पाण्याची नाहीतर उन्हाची चौकशी करून पुढे सटकायचा.

मी कळती झाले तोवर त्यांचा फुटबॉल संपला होता. जे ऐकलं ते आप्पांकडून. आप्पा म्हणजे माझे वडील. ते आणि मामा रेल्वेत एकाच गँगमध्ये होते, रुळांखाली खडी सारायच्या कामावर. आप्पा सांगायचे की मामा रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानात उतरले की मालगाडीचे गार्ड हिरवी झेंडी दाखवायला उशीर करायचे. खरं-खोटं रेल्वेलाच ठाऊक. एवढं मात्र खरं की सोलापूर, भुसावळ, मनमाड इथल्या रेल्वेच्या टीम दौंडला यायला कां-कू करायच्या. मग एका पावसाळ्यात गुडघा गेला. गुडघा गेलेल्या माणसाला रेल्वेनं कीमन केलं, म्हणजे रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जायचं आणि रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकायच्या. पाय दुखणाऱ्या माणसाला दिवसभर चालायचं काम, हा न्याय फक्त सरकारच करू जाणे.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत झाकणाच्या आतल्या बाजूला एक चित्र चिकटवलेलं होतं. एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं दौंड कायमचं सोडताना आपली इंग्रजी मासिकं वाटून टाकली होती, त्यातल्या एकाचं ते मुखपृष्ठ. त्यावर हॉलंडचा एक सडपातळ खेळाडू, अंगात नारिंगी शर्ट, चेंडू पायाशी आणि नजर भलतीकडेच. मामा म्हणायचे, सगळी गंमत त्या नजरेत आहे. चेंडू पायाला कळतो, डोळ्यांनी माणसं बघायची. इन्स्टिट्यूटच्या टीव्हीवर त्यांनी त्याचा खेळही बघितला होता, पण तो टीव्ही काळा-पांढरा. रंग म्हणून जो काही होता तो त्यांना ट्रंकेतच भेटला होता.

तो खेळाडू पुढे कोच झाला. परदेशातल्या एका मोठ्या क्लबचा. नव्वदीच्या त्या वर्षांत त्याच्या बातम्या आमच्यापर्यंत पोचायच्या त्या अशा: पुण्याच्या पेपरात खेळाच्या पानावर तळाशी चार ओळी, नाहीतर स्टेशनावरच्या बुकस्टॉलवाल्यानं न खपलेलं म्हणून काढून ठेवलेलं शिळं इंग्रजी मासिक. मामांना इंग्रजी येत नव्हतं. मी नववीत होते, मला येतं असा त्यांचा समज होता, आणि तो मी मोडला नाही. आमच्या ओट्यावर बसून मी वाचायची आणि अडलं तिथं बेधडक अंदाज ठोकायची. त्यानं एका भरवशाच्या खेळाडूला बाकावर बसवलं, हे मी सांगितलं की मामा मांडीवर थाप मारायचे. मालकांशी त्याचं वाजलं, हे सांगितलं की ते पुढे सरकून बसायचे. आणि एके दिवशी, त्याला कोचपदावरून काढलं, हे मी वाचलं, तेव्हा त्यांनी मासिक माझ्या हातातून घेऊन मिटलं.

"खुर्ची गेली तर गेली," ते म्हणाले. "खेळ कुठं गेला?"

हे वाक्य त्यांना लवकरच स्वतःसाठी वापरायला लागलं. ड्युटी सांभाळून ते रेल्वेच्या मुलांच्या टीमला शिकवायचे. मैदान हिरवंगार, गोलाला खरी जाळी, सगळं व्यवस्थित. त्या टीममध्ये एका साहेबांचा पुतण्या होता. पोरगा वाईट नव्हता, फक्त पळायचा कंटाळा. मामांनी त्याला बाकावर बसवलं. साहेबांनी निरोप पाठवला, मामांनी परत बसवलं. मग कमिटीची मीटिंग झाली आणि मामांच्या वयाचा आणि गुडघ्याचा फार कळवळा येऊन त्यांना मोकळं करण्यात आलं. मुलांना सांगण्यात आलं की त्यांच्याकडे फिरकायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी मामा लोकोशेडमागच्या राखेच्या मैदानात चेंडू घेऊन उभे. वाफेची इंजिनं होती तेव्हा त्यांची राख तिथं टाकत, ती बसून बसून जमीन झाली होती. कुणीच आलं नाही. पलीकडच्या नळावर आम्ही पोरी हंडे भरत होतो. मामांनी आमच्याकडे बघितलं, चेंडू सरकवला आणि म्हणाले, "मुलांला बंदी हाय. तुम्हाला कुणी घातलीया का?"

आम्हाला अजून कुणी घातली नव्हती, कारण असं काही आम्ही करू हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते लक्षात येऊन लोकांनी कपाळाला हात लावेपर्यंत आमची टीम झाली होती. आमच्या वस्तीतल्या निम्म्या, बाकीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या आणि बाजारपेठेतल्या. हाफ चड्डीवरून एक महाभारत झालं, ते ट्रॅकपँटवर मिटलं. राखेत पडलं की गुडघे आठवडाभर काळे राहायचे. आई घासून घासून थकली आणि मग तिनं तो नाद सोडला.

मामांची शिकवायची तऱ्हा अशी की कुणालाच कायमची जागा नाही. आज बॅक असलेली उद्या फॉरवर्ड, परवा गोलात. आम्ही कुरकुरलो की ते स्टेशनाकडे हात करायचे. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढतात आणि दुसऱ्या टोकाला लावतात. लोक खाली उतरून चहा पितात आणि गाडी निघते तेव्हा जो डबा शेवटचा होता तो इंजिनामागचा पहिला झालेला असतो. नवखा माणूस घाबरतो, त्याला वाटतं गाडी आल्या वाटेनं परत निघाली. मामा म्हणायचे, समोरच्या टीमला तुम्ही असं घाबरवायचं. त्यांना वाटलं पाहिजे की ह्या मागं निघाल्या, आणि तुम्ही पुण्याला पोचलेल्या असल्या पाहिजेत. हॉलंडवाले असंच खेळतात, असं ते म्हणायचे. मला वाटतं हॉलंडवाल्यांनी दौंड जंक्शन बघितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

मी दहावीत गेले आणि दोन गोष्टी एकदमच आल्या. शिरूरला मुलींच्या फुटबॉलचे सामने ठरले, आणि तिथं पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाचे निवड करणारे येणार होते. निवड झाली तर राहणं, खाणं, शिक्षण, खेळ सगळं तिथंच. आणि त्याच सुमारास वरवंडचं एक स्थळ सांगून आलं. मुलाची हायवेला टायरची टपरी, घरची थोडी शेती, माणसं चांगली. आप्पांनी मला समोर बसवून सांगितलं की शिरूरला निवड झाली तर ते वरवंडला नकार कळवतील. नाही झाली, तर दहावीचा शेवटचा पेपर झाल्याबरोबर पाहुणे घरी येतील. आप्पांच्या हिशेबानं हा फार मोठ्या मनाचा सौदा होता, आणि वस्तीत बघितलं तर होताही. पण मला राग आला तो आलाच. माझा सगळा जन्म एका सामन्यावर लावताना मला कुणी विचारलं नव्हतं.

शिरूरसाठी टीमला शर्ट हवे होते. मामा मंडईतल्या शिंप्याकडे गेले, हा शिंपी बँडवाल्यांचे कोट आणि मंडळांचे झेंडे शिवायचा. नारिंगी म्हटल्यावर त्यानं सरळ भगव्या झेंड्याच्या कापडाचा तागा काढला. मामांनी ट्रंकेचं झाकण उघडून दाखवलं. हो, ते ट्रंक उचलून दुकानात घेऊन गेले होते. हा रंग नाही, तो. शिंप्याला काही फरक दिसेना. तो म्हणाला, लांबून एकच. मामा म्हणाले, मग जवळून बघ. शेवटी पुण्याहून कापड मागवलं, आणि शर्ट आले ते अगदी सोललेल्या संत्र्यासारखे. आम्ही ते घालून मैदानातून घरी चालत आलो, आणि तिथून रामायण सुरू झालं.

आमची वस्ती निळी आहे. विहारावरचा झेंडा निळा, कमान निळी, चौदा एप्रिलला आम्ही पोरी निळ्या साड्या नेसून मिरवणुकीत पुढे असायचो. निळा आमचा जीव आहे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. अशा वस्तीत अर्धा डझन पोरी नारिंगी होऊन शिरल्या म्हटल्यावर ओट्यावरच्या बायका निवडणं-टिपणं सोडून उभ्या राहिल्या. आईनं मला पहिल्यांदा आत ओढलं आणि मग शर्ट ओढला. खरं सांगायचं तर मलाही निळाच हवा होता. मी मामांना तसं स्पष्ट विचारलं होतं. त्यांनी मला कॉर्नर मारायला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं वारं आलं. बाजारातल्या एका मंडळाचा पुढारी पोरगा शाल आणि नारळ घेऊन मैदानात हजर झाला, बरोबर चार-पाच जण. मामांच्या खांद्यावर शाल टाकून तो म्हणाला, उशिरा का होईना, योग्य वाटेला लागलात. शिरूरला जायला टेम्पो देतो, वर स्पीकर लावतो, पोरींना नाश्ता देतो. मामांनी शाल काढून घडी केली, तिच्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही त्याच्या हातात परत दिलं.

"रंग काय कुणी सातबाऱ्यावर चढवून घेतलाय व्हय?" ते म्हणाले. "हा हॉलंडचा हाय. आमी एष्टीनं जाऊ."

तो पोरगा चिडला नाही, हसला. ते हसणं मला जास्त लागलं. त्याला वाटत होतं, म्हातारा काही म्हणो, शर्ट तर अंगात आहेत.

रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात मामांना बोलावलं. मधोमध गुरुजी बसले होते. ते निवृत्त मास्तर, वस्तीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी अक्षर ओळखायला शिकवलेलं, त्यांच्यापुढे कुणी मोठ्यानं खोकतही नसे. ते शांतपणे म्हणाले की वस्ती वर्गणी काढून निळे शर्ट शिवून देईल, उद्याच्या उद्या, आणि हा विषय इथंच मिटेल. मामांनी मान हलवून नाही म्हटलं.

"तो रंग अंगावर चढला की आपण कुणाचे हे दुसरे ठरवतात," गुरुजी म्हणाले. "शाल आली ना लगेच?"

गुरुजींचं खोटं नव्हतं. ज्यांना दुसऱ्यांनी फार काळ हे ठरवून दिलं, त्यांना ही भीती असणारच. पण मामा उभे राहिले आणि मंडळाच्या पोराला ऐकवलेलं सातबाऱ्याचं वाक्य त्यांनी आपल्याच माणसांना, त्याच आवाजात ऐकवलं. पुढचं बोलताना त्यांचा आवाज खाली आला होता.

"जन्मल्यापासनं मला कुणी ना कुणी रंग दिला, गुरुजी. शाळंनं दिला, रेल्वेनं खाकी दिली. निळा बाबासायबांनी दिला, तो मरंस्तोवर उतरायचा न्हाई. पर हा एक मी माझा निवडला. दुसरे काय ठरवतील म्हनून मी त्योबी सोडायचा का?"

मला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात मागून आप्पा उठले. माझे आप्पा, मामांबरोबर उन्हातान्हात खडी सारलेले. ते म्हणाले, मामांचं त्यांच्यापाशी, पण माझी पोरगी या रंगात शिरूरला जायची नाही. त्यांच्यामागून आणखी दोघी-तिघींच्या बापांनी तेच म्हटलं. आमच्याकडे अकरावर जेमतेम दोन पोरी जास्तीच्या होत्या. एवढ्या बसल्या तर टीमच नाही, आणि टीम नाही म्हणजे माझ्यासाठी वरवंड.

मी उठले आणि तडक घरी गेले. दाराआडच्या खिळ्याला आप्पांचं जाकीट लटकत होतं. त्याच वर्षी रेल्वेनं गँगमनांना नवीन जाकिटं दिली होती, धुक्यात इंजिन-ड्रायव्हरला लांबून माणूस दिसावा म्हणून. ते मी काढलं, विहाराच्या अंगणात परत आले आणि गुरुजींच्या पुढ्यात सतरंजीवर पसरलं. शेजारी माझा शर्ट ठेवला. दोन्हींच्या रंगात उन्नीस-बीसचा फरक होता.

"आप्पा," मी म्हटलं, "ह्ये रोज घालून जाता, तवा तुमी कुणाचं असता?"

भरल्या सभेत मी बापाला असं विचारलं. आईनं पदर तोंडाला लावला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आप्पांचा चेहरा तांबडालाल झाला. ते पुढे आले, मला वाटलं आता कानाखाली बसते. त्यांनी जाकीट उचललं, झटकलं, हातावर घेतलं. ही नोकरी आहे, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हा खेळ आहे. ते घराकडे चालू लागले. गुरुजींनी माझा शर्ट उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ज्यांना पाठवायचं त्यांनी पाठवावं, विहाराची आडकाठी नाही.

त्यानंतर आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. जाऊ नको, असंही परत म्हणाले नाहीत. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार नव्हता, पण नकारही नव्हता, आणि तेवढ्या फटीतून मी एसटीत जाऊन बसले. दोघी आल्या नाहीत. आम्ही बरोबर अकरा उरलो, बदली खेळायला कुणी नाही. भीमेचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून, उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत आम्ही शिरूरला पोचलो. मामांच्या मांडीवर ती ट्रंक होती, तिच्यात पाण्याच्या बाटल्या आणि लिंबं.

शिरूरचं मैदान म्हणजे नुसती धूळ. मांडव घातलेला, पुढच्या सोफ्यावर कारखान्याचे आणि सोसायटीचे मानकरी, आणि माइकवर एक हौशी गृहस्थ. आम्ही मैदानात पाऊल ठेवलं आणि त्यांनी आमचं वर्णन सुरू केलं, भगवं वादळ आलं म्हणून. मांडवातून घोषणा सुटल्या. आमची गोलकीपर माझ्याच गल्लीतली, ती रडकुंडीला आली. मामा लंगडत टेबलापाशी गेले, त्या गृहस्थांच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं की ही दौंडची टीम आहे आणि शर्टाचा रंग हॉलंडचा आहे. मग माइक जागेवर ठेवून परत आले.

त्यानं भलतंच झालं. ज्यांनी घोषणा दिल्या ते नाराज झाले आणि ज्यांना घोषणा खटकल्या होत्या त्यांनी तक्रार केली की खेळात राजकीय रंग चालणार नाही. आयोजक दोन्हीकडून कात्रीत सापडले. त्यांनी कुठल्याशा दुकानातून पांढऱ्या बनियनचा गठ्ठा मागवला, पुरुषांच्या बिनबाह्यांच्या, आणि म्हणाले, हे वरून घाला नाहीतर खेळू नका. सोळा वर्षांच्या पोरींना बाप्यांची बनियनं. मला असा संताप आला की मी तो गठ्ठा लाथेनं उडवणार होते. मामांनी माझं मनगट धरलं आणि आयोजकांना सांगितलं की पोरी आहेत तशा खेळतील, नाहीतर जातील. मग तुम्हीच माइकवर नावं पुकारून सांगा, कशापायी परत पाठवलं ते. निवड करणारे दोघे खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. शिरूरची टीम मैदानात उभी राहून कंटाळली होती. मी त्या निवडणाऱ्यांकडे बघत होते आणि मला वरवंडची टायरची टपरी दिसत होती.

आणि मांडवामागून आप्पा आले. सकाळची ड्युटी अर्ध्यावर सोडून मिळेल त्या गाडीनं आले होते, अंगात तेच जाकीट, चेहरा घामानं आणि धुळीनं थापलेला. ते सरळ मैदानाच्या रेषेपाशी येऊन उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एका आयोजकाला वाटलं, ह्यांचे कार्यकर्ते पण पोचले. तो तरातरा गेला आणि आप्पांना म्हणाला, आधी हे अंगातलं काढा.

"काढतो की," आप्पा म्हणाले. "आधी रेल्वेला इचारून या."

आयोजकानं पाठीवरची रेल्वेची अक्षरं वाचली. मांडवात हसू फुटलं, सोफ्यावरचे मानकरीही हसले. प्रमुख पाहुण्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं. ते म्हणाले, काय घालायचं ते घालू द्या, पण आता चालू करा. बनियनचा गठ्ठा तिथंच पडून राहिला, आणि नंतर चहावाल्यानं कपांखाली घेतला.

सामना आम्ही हरलो, एका गोलानं. हे मी गोलगोल करून सांगणार नाही. शिरूरच्या पोरी तगड्या होत्या आणि आम्हाला दम खायला बदली कुणी नव्हती. पण आम्ही काय खेळलो ते मी विसरलेली नाही. एवढी धूळ उडत होती की माणूस ओळखू येत नव्हतं, फक्त रंग दिसायचा. मी बॅक होते. चेंडू मिळाला की मान वर करायची, धुळीत कुठंतरी नारिंगी हललेलं दिसायचं आणि तिकडे द्यायचा. ते हलणं माझ्या उजवीकडे आलं, मग पुढे गेलं, आणि मी आपोआप पळत सुटले. बॅकची फॉरवर्ड झाले, फॉरवर्ड माझ्या जागी गेली, आणि शिरूरच्या पोरी खरोखरच नवख्या प्रवाशांसारख्या इकडेतिकडे बघत राहिल्या. समोर फक्त गोलकीपर होती. मी मारला. चेंडू वरच्या पाइपावर आदळला आणि बाहेर गेला. त्या पाइपाचा आवाज अजूनही कुठं लोखंड आपटलं की मला ऐकू येतो.

निवड आमच्या गोलकीपरची झाली, जी सकाळी रडकुंडीला आली होती. माझी नाही. मी ट्रंकेवर बसून लिंबू चोखत रडत होते आणि मामा समोर उकिडवे बसले. त्यांनी विचारलं, पाइप हलला का? मी म्हटलं, हलला. मग ठीक आहे, म्हणाले, आणि दुसरं लिंबू कापून दिलं. दुसऱ्या कुणी ही असली समजूत घातली असती तर मी ट्रंक फेकून मारली असती.

मामांचं पुढचं आधी सांगून टाकते. काही वर्षांनी रेल्वेत नवीन साहेब आले, त्यांनी मामांना मुलांच्या टीमसाठी परत बोलावणं धाडलं. मामा म्हणाले, पोरींनाही त्याच हिरव्या मैदानात खेळू द्या, मग येतो. ते काही जमलं नाही, म्हणून मामाही गेले नाहीत. हॉलंडच्या त्या माणसानंही पुन्हा कुठल्या मोठ्या क्लबाची खुर्ची घेतली नाही, हे त्यांना माहीत होतं. मीच वाचून दाखवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात मिळालेला हार त्यांनी गोलाच्या खांबाला अडकवला आणि आमच्याकडून रोजच्यासारखे कॉर्नर मारून घेतले. पुढे राखेवर रेल्वेनं नवीन लाइन टाकली, तेव्हा ते पॅसेंजरनं केडगावला जाऊन तिथल्या पोरींना शिकवू लागले, गुडघ्याला फडकं बांधून, अगदी शेवटपर्यंत. नारिंगी शर्ट तिथंही गेले आणि कुठल्या पक्षाचे, हा प्रश्नही मागोमाग गेला.

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि ठरल्याप्रमाणे वरवंडचे पाहुणे आले. मी त्या दिवशी मुद्दाम मैदानात होते. बोलावणं आलं तशीच घरी आले, शर्ट नारिंगी, गुडघे काळे, केस सुटलेले. आई दारातच मला साडीकडे ढकलू लागली. आप्पा आतून म्हणाले, राहू दे. मी तशीच आत जाऊन उभी राहिले. चार पाहुणे सतरंजीवर बसलेले, पुढ्यात पोहे. मुलाच्या वडिलांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, एकदा शर्टाकडे आणि एकदा दाराआडच्या खिळ्यावरच्या जाकिटाकडे. माणूस सभ्य होता, रंगाबद्दल काही बोलला नाही. त्यानं रीतीनं जे विचारायचं तेच आप्पांना विचारलं, मुलीला काय काय येतं?

हे विचारलं की स्वयंपाक, शिवण, टिपण सांगायचं असतं. आईनं सगळं पाठ करून ठेवलं होतं. मी जमिनीकडे बघत होते. माझं आता काय होणार ते माझ्या हातात नव्हतं, आणि ज्याच्या हातात होतं तो माणूस शिरूरपासून माझ्याशी नीटसं बोलला नव्हता.

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली.

"गोलकीपर सोडून सगळ्या जागी खेळती," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "येळ पडली तर गोलकीपरबी."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पोहे मात्र त्यांनी संपवले, आईच्या हाताला चव होती. चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या, आणि त्यांची जीप ज्या वाटेनं आली त्या वाटेनं गेली. आई बशा उचलत स्वतःशीच पुटपुटत होती. मी अजून तिथंच उभी होते. आप्पा उठले, दाराशी गेले आणि मला म्हणाले, "बूट भायेर काढत जा. घरात राख नगं."